आधी पिस्तूल घरी, मग बाजा

१२ जून, गुरुवार

हे मी डाव्या हाताने लिहितोय. पहिलीतल्या पोराचं अक्षर यापेक्षा बरं असेल. सोनम मॅडमनी सांगितलंय की रोज काहीतरी लिहा. त्या माझ्या हाताचा व्यायाम घेतात. वयाने आमच्या पोरीपेक्षा, आरजूपेक्षा थोड्याच मोठ्या, पण बोलतात हेडबाईंसारख्या. "उजवा हात व्हायचा तेवढा बरा होईल. तोवर डाव्याला कामाला लावा." काय लिहू म्हटलं, तर म्हणाल्या, "आज काय खाल्लं ते लिहा की."

आज भेंडी खाल्ली.

१४ जून, शनिवार

भेंडीवर किती दिवस लिहिणार? झालं ते एकदा लिहून टाकतो. लोक विचारतात तेव्हा मी दर वेळी थोडं वेगळं सांगतो, असं माझी बायको गुलबानो म्हणते.

मी हारून. राहतो सोलापूरच्या शुक्रवार पेठेत. चुलतभाऊ कासीमभाईच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. वाजवतो. काय लिहावं कळत नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी झाली, त्यामुळे हातात पेन आलं की मराठीच येतं.

मे महिन्यात वैरागला लग्न होतं. सकाळी परण्या निघाला. म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळाला जातो ती मिरवणूक. नवरदेवाचे मामा शहाजीराव, मोठे बागायतदार, कमरेला परवान्याचं पिस्तूल. त्यांनी चौकात हवेत दोन बार काढले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आम्हाला त्यात काही नवीन नव्हतं. बार निघाला की आम्ही आणखी जोरात वाजवायचो, कासीमभाईने तसंच शिकवलंय. मग त्यांनी पिस्तुलातलं मॅगझिन काढून खिशात टाकलं. मी स्वतः बघितलं. नवरदेवाच्या एका मित्राला पिस्तूल हातात घेऊन फोटो हवा होता. शहाजीराव ते त्याच्याकडे देत होते, तेवढ्यात तिसरा बार निघाला.

मला वाटलं क्लॅरिनेट फुटली. खरंच. मी खाली वाकून तिची फुंकायची पत्ती शोधत होतो, नवीन पत्ती होती. मग कुणीतरी ओरडलं आणि मी बाहीकडे बघितलं.

कोपर आणि मनगट यांच्या मध्ये लागली. शहाजीरावांनी डोक्यावरचा फेटा काढून माझ्या हाताला गच्च बांधला आणि स्वतःच्या गाडीत घालून आधी बार्शीला, तिथून सोलापूरला आणलं. गाडी चालवताना ते सारखं म्हणत होते, "रिकामं होतं ओ, रिकामं होतं." मीच त्यांना म्हणत होतो, असू द्या, समोर बघा, समोर ट्रक आहे.

हाडात पट्टी बसवली. हाड जुळेल. पण शिरेला मार लागलाय, त्यामुळे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं ऐकत नाहीत. क्लॅरिनेटला दहाच्या दहा बोटं लागतात.

हात दुखला. डावा.

२३ जून, सोमवार

गुलबानोचा कुकर बिघडलाय, शिट्टी होत नाही म्हणते. चार-पाच दिवस झाले, डाळ उघड्या पातेल्यात शिजवते आणि जेवायला उशीर होतो. दुरुस्त करून आणतो म्हटलं, तर म्हणाली, "नक्को, पातेल्यातली डाळ पोटाला चांगली." लग्नाला इतकी वर्षं झाली, हे तिला आत्ता कळलं!

सोनम मॅडमनी अंगठा आणि दोन बोटांनी वाटाणे उचलायला लावले. उचलले. नंतर तेच वाटाणे आरजूने भाजीत टाकले.

२९ जून, रविवार

कासीमभाई आला होता. माझ्या जागेवर पंढरपूरकडचा कुणी क्लॅरिनेटवाला धरलाय. "बरा वाजवतो, पण तुझ्यासारखं रडवत नाही बे," म्हणाला. लग्नात रडवायचं कशाला, असं मी म्हटलं. दोघं हसलो. तो माझ्या हाताकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलत होता.

गल्लीतून बुलेट गेली, सायलेन्सर फोडलेली. माझा चहा सांडला. कपाची दांडीच तसली आहे, बोटात बसत नाही. गुलबानोला म्हटलं हे कप बदल. तिने लादी पुसली. मग खिडकी लावून घेतली. इतक्या उकाड्यात खिडकी!

८ जुलै, मंगळवार

शहाजीराव आणि त्यांच्या मिसेस महानंदाताई आले होते. सोबत त्यांचा मेहुणा. जामिनावर आहेत, पिस्तूल पोलिसांकडे, परवाना थांबवलाय. खुर्ची दिली तर खाली सतरंजीवर बसले. एवढा मोठा माणूस मान खाली घालून बसला की आपल्यालाच अवघडतं. मग मीच बोलत राहिलो. पत्ती शोधत होतो ती गोष्ट सांगितली. मेहुणा खो-खो हसला. शहाजीराव हसले नाहीत.

महानंदाताई स्वयंपाकघरात गुलबानोपाशी जाऊन बसल्या. मधे एकदा आत डोकावलो, तर दोघी मिळून ताईंनी आणलेल्या शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या.

जाताना शहाजीराव पुढे गेले आणि मेहुण्याने मला जिन्यात थांबवलं. म्हणाला, "मास्तर, जबाबात एवढंच म्हणा, पिस्तूल हातातून निसटून खाली पडलं आणि बार निघाला. भाऊजींनी मुद्दाम केलंय का? तुमच्या एका शब्दानं माणूस वाचतो."

त्यात वाईट काय आहे? मुद्दाम केलं नाही हे तर खरंच आहे. माणूस चांगला आहे. फेटा बांधला नसता तर मी गाडीतच संपलो असतो, असं डॉक्टर म्हणाले होते.

१० जुलै, गुरुवार

गुलबानोला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"आणि पडलं होतं का?"

"नाही. पण काय फरक पडतो?"

"पडलं म्हणालात तर चूक पिस्तुलाची झाली. पिस्तुलाला कोण काय शिकवणार?"

"अगं, माणूस किती शरमिंदा झालाय बघितलंस ना?"

"बघितलं की. म्हणून तर म्हणते. त्या माणसाला खोट्यात नका ढकलू."

म्हणजे माझा हात गेला आणि हिला काळजी त्या माणसाची! मी म्हटलं तुला भीडभाड काय असते ते कळत नाही. तिने भाकरी तव्यावर टाकली. बोलणं संपलं. भाकरी मात्र झकास झाली होती.

२४ जुलै, गुरुवार

आज शेवटी शहाजीरावांना फोन केला. म्हटलं, काळजी करू नका, पिस्तूल पडलं असंच मी सांगेन, तुमच्या मेहुण्यांनी म्हटल्याप्रमाणे.

त्यांनी एकदम विचारलं, 

"हे त्यानं तुमाला कवा सांगितलं?"

"आला होतात तेव्हा. जिन्यात."

"मला ठावं न्हाय ओ हे." मग थांबून म्हणाले, "मास्तर, ते पडलं न्हाय. माझं बोट होतं चापावर. तुमी कायबी वेगळं सांगू नका. मी माझ्या तोंडानं सांगणार हाय."

मग ते जे बोलले ते मी लक्षात राहील तसं लिहून ठेवतो. पिस्तूल घेतलं तेव्हा दुकानदाराने त्यांना सगळं शिकवलं होतं. नळी माणसाकडे करायची नाही. मारायचं असेल तेव्हाच बोट चापावर. आणि मॅगझिन काढलं तरी एक गोळी आत नळीच्या मागच्या टोकाला राहिलेली असते, ती वरचा भाग मागे ओढून, आत डोळ्याने बघून काढायची. "त्यो सांगत हुता आन् मी चहा पीत हुतो. मला वाटलं, ह्यात शिकायचं काय? मॅगझिन काढलं की रिकामं. एवढी वर्सं मी तसंच धरून चाललो. घरात नातवंडं असताना, मास्तर. उशाखाली."



फोन ठेवला आणि लई हलकं वाटलं. का ते कळलं नाही. माझा काय संबंध, गुन्हा तर त्यांचा. गुलबानोला सांगितलं तर ती म्हणाली, "हौ. चला, जेवायला." आणि वर तूप वाढलं.

३० ऑगस्ट, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही. गणपती चालू आहेत. बँडला मोकळीक नाही. कासीमभाई म्हणाला नुसता चालत ये, टोपी घालून पुढे राहा. पण ऊन फार आहे. गेलो नाही.

एक गंमत झाली. सोनम मॅडमनी विचारलं, फक्त तीन बोटं लागतात असं एखादं वाद्य नाही का तुमच्यात? मी हसलो, म्हटलं ट्रम्पेट आहे की, तीन खटके. मग हसणंच थांबलं. ट्रम्पेट उजव्या हाताने वाजवतात, पण डाव्याने वाजवलं तर कोण पोलीस पकडणार आहे? उजव्या हाताने नुसतं धरायचं. धरणं जमतंय.

कासीमभाईकडून एक जुनं, पोचे पडलेलं ट्रम्पेट आणलं. क्लॅरिनेटची पत्ती ओठात धरून फुंकायची, इथे ओठच पत्ती. पहिल्या दिवशी जो आवाज निघाला त्याला नाव नाही. खालच्या मजल्यावरचे बसप्पाकाका वर आले आणि विचारलं, "म्हैस आणली काय ओ?" आरजू पोट धरून हसली. मीही. इतका हसलो की टाके दुखले असते, पण ते केव्हाच काढलेत.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज एक पूर्ण गाणं. कडेपर्यंत. बसप्पाकाकांनी खालून काठीने छताला ठोकलं. मला वाटलं गप्प बसा म्हणतायत. पुन्हा ठोकलं, तालात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

अक्कलकोटच्या पुढे गुलबानोच्या माहेरी आलोय. वस्तीवर घर, चारी बाजूंनी तूर. या वर्षी तिला माहेरची फारच ओढ लागली. ऐन दिवाळीत एसटीला ही गर्दी, पण ऐकेना. "अम्मीची तब्येत बरी नाही." अम्मीची तब्येत ठणठणीत आहे, माझ्या आधी उठते. पण मी पिशवी भरली. बायकांना आईजवळ जावंसं वाटतं.

इथे दिवाळी म्हणजे दूरच्या गावात आभाळाला थोडा उजेड दिसतो, तेवढीच. सकाळी बांधावर जाऊन वाजवतो. शेजारचे कन्नड बोलणारे आजोबा रोज येऊन बसतात. "छलो आगेद," म्हणाले आज. छान झालंय म्हणजे. फार दिवसांनी झोप इतकी चांगली लागतेय. हवाच वेगळी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कासीमभाई म्हणतो लग्नं सुरू होतायत, ये. मी म्हटलं ओठ अजून तयार नाहीत. तो म्हणाला ओठ तयार आहेत, मी जिन्यातून ऐकलंय. मी म्हटलं गणवेश सैल होतो. दुपारी बघतो तर गुलबानो शिलाई उसवून गणवेश आत घेत बसली होती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खरं लिहितो. हे कोण वाचणार आहे.

आज गल्लीत पोरांनी लवंगी लावली आणि मी कॉटच्या कडेला जमिनीवर बसलो होतो. कसा बसलो आठवत नाही. आरजूने पाणी दिलं. माझा हात बरा होतोय आणि मी बरा होत नाहीये असं काहीतरी आहे. मिरवणुकीत उभं राहायला नको म्हणून ओठ नि गणवेशाची कारणं सांगत होतो. मला भीती वाटते. लिहिलं.

गुलबानोला सांगितलं तर तिला अजिबात नवल वाटलं नाही. म्हणाली, "मग ज्या लग्नात पिस्तूल असेल तिथे वाजवू नका."

"असं कुठे असतं? गिऱ्हाईक दुसऱ्या बँडकडे जाईल."

"जाऊ दे की. सुपारी घेतानाच सांगायचं. आधी पिस्तूल घरी, मग बाजा."

१६ नोव्हेंबर, रविवार

कासीमभाईला भीत भीत विचारलं. मला वाटलं चिडेल. तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "बार निघाला की जोरात वाजवा, हे तुम्हाला कुणी शिकवलं बे? मीच ना?" मग आत जाऊन पेंटरला फोन लावला. दुकानावरच्या पाटीखाली आणखी एक ओळ येणार आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एक पार्टी पाटी वाचून परत गेली. दुसरी थांबली, त्यातली नवरीची आई म्हणाली, "बरं झालं तुम्हीच म्हणालात, आमच्या घरात हे कोण बोलणार?" कासीमभाई दोन्हींचं सांगत होता, पण दुसरीचं दोनदा.

शहाजीरावांचा फोन आला. पाटीचं त्यांच्या कानावर गेलंय. म्हणाले, "मी येऊ का तुमच्यासंगं? पुढं हुबा ऱ्हातो. माझं ऐकतील." मे महिन्यानंतर ते कुठल्याच लग्नाला गेले नाहीत असं मागून फोन घेऊन महानंदाताई म्हणाल्या. सख्ख्या पुतणीच्यासुद्धा. मी हो म्हटलं. हो म्हणायला नको होतं का? लोक काय म्हणतील, ज्याने गोळी घातली त्यालाच घेऊन फिरतो.

३० नोव्हेंबर, रविवार

आज सविस्तर. दोन्ही हात दुखतायत, तरी लिहितो.

चिंचोळी एमआयडीसीजवळच्या कार्यालयात लग्न. मुलगा तिथल्या कारखान्यात सुपरवायझर. सुपारी घेताना त्याच्या वडिलांनी शब्द दिला होता, आमच्यात पिस्तूल-बिस्तूल कुणाकडे नाही. शहाजीराव साधा पांढरा शर्ट घालून आमच्या पुढे चालत होते, हात पाठीमागे बांधून. मी दुसऱ्या रांगेत. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्यात घाम सुटला, पण ऊनच तसं होतं. ऊन नव्हतं. भीतीच होती.

देवळाच्या वळणावर गर्दीत एक जाडजूड पाहुणा नाचत नाचत मधोमध आला. गळ्यात चेन, ठेकेदार असावा. त्याने सदरा वर केला आणि पिस्तूल काढलं.

मी वाजवायचं थांबलो. ठरवून नाही, ओठच थांबले. ट्रम्पेट खाली आलं. शेजारच्याने माझ्याकडे बघून थांबवलं, मग त्याच्या शेजारच्याने, शेवटी ढोल. मिरवणुकीत बाजा अचानक थांबला की कशी शांतता होते ते मी कधी ऐकलं नव्हतं. घोडं फुरफुरलं तेवढंच.

"काय झालं रे? वाजवा की!" ठेकेदार.

 मीच बोललो. "ते आत ठेवा. त्याशिवाय वाजणार नाही."

"रिकामं आहे हो हे! बघा." त्याने मॅगझिन काढून दाखवलं आणि पिस्तूल आमच्याकडे केलं.

शहाजीराव मधे येऊन उभे राहिले. सरळ नळीच्या समोर. मोठ्याने नाही, साध्या आवाजात म्हणाले, "माझंबी असंच रिकामं हुतं. मॅगझिन खिशात हुतं. हे मागं उभे हायत त्यांच्या हातातनं गोळी गेली. क्लॅरिनेट वाजवायचे. आधी नळी खाली करा. बोट बाहीर काडा. व्हय, असं. आता तिकडं वाळूच्या ढिगाकडं चला."

"तुम्हीच घ्या की," ठेकेदार म्हणाला. 

"मी हात लावणार न्हाय. तुमीच करा. नळी वाळूकडं. आता वरचं मागं वडा."

त्याने ओढलं. एक गोळी टुणकन उडून वाळूत पडली.

 ठेकेदार त्या गोळीकडे बघत राहिला. त्याची छोटी मुलगी, परकर-पोलक्यातली, इतका वेळ त्याच्या पायाशी नाचत होती. त्याने तिला उचलून घेतलं आणि एका हाताने तिचं डोकं खांद्याशी दाबून धरलं. दुसऱ्या हातातलं पिस्तूल त्याला नकोसं झालं होतं. नवरदेवाचे वडील त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेले. पिस्तूल आणि गोळ्या वेगवेगळ्या करून डिकीत टाकल्या आणि ड्रायव्हर गाडी घेऊन घरी गेला.

मी ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि आवाजच निघेना. ओठ सुकले होते. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "प्या मास्तर. आन् मग जोरात वाजवा, पोराचं लग्न हाय."

वाजवलं. डाव्या हाताने, सगळ्या मिरवणुकीपुढे. पहिल्या दोन ओळी थरथरत गेल्या. तिसऱ्या ओळीला मागून ढोल आला आणि मला आठवलं की मला हे काम किती आवडतं.

देवळाजवळ त्या म्हाताऱ्या बाईंनी शहाजीरावांना हाताला धरून नाचायला ओढलं. ते नको नको म्हणत होते. मग नाचले. नाच काही येत नाही त्यांना. दोन्ही हात वर करून, पंजे उघडे ठेवून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. डोळे पुसायलासुद्धा हात खाली घेतले नाहीत. मी त्यांच्याकडे बघत वाजवत राहिलो. त्यांचा श्वास पुरेना तेव्हा मी गाणं संथ केलं. कासीमभाईने मागे वळून डोळे वटारले. मी तरीही संथच ठेवलं.